हेर सापडला, मग सोडला कसा?

दिल्लीत एखाद्या परदेशी वकिलातीतला माणूस हेरगिरी करताना पकडला गेल्याची बातमी आली की सोलापुरात चहाच्या टपरीपासून अभ्यासिकेपर्यंत एकच प्रश्न फिरतो, "रंगेहाथ सापडला तर आत का नाही टाकला बे?" आणि आपल्या एखाद्या अधिकाऱ्याला दुसऱ्या देशाने हाकललं की लगेच प्रश्न बदलतो, "पुरावा कुठाय?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच करारात आहे आणि ते एकमेकांत अडकलेलं आहे. आत टाकता येत नाही, म्हणूनच पुरावा मागता येत नाही. यजमान देशाचा एक हात बांधून ठेवला आणि त्या बदल्यात दुसरा पूर्ण मोकळा सोडला, असा हा व्यवहार आहे.

करार म्हणजे राजनैतिक संबंधांविषयीचा व्हिएन्ना करार. १८ एप्रिल १९६१ रोजी तो झाला आणि २४ एप्रिल १९६४ पासून लागू झाला. भारत त्यात १९६५ मध्ये सामील झाला आणि १९७२ मध्ये संसदेने वेगळा कायदा करून त्यातल्या तरतुदींना देशांतर्गत कायद्याचं बळ दिलं. कराराची ५३ कलमं आहेत. त्यात 'हेरगिरी' हा शब्द कुठेही नाही. स्पर्धा परीक्षेवाल्यांनी हे एकदा स्वतः वाचून खात्री करून घ्यावी, कारण 'अमुक कलमाने हेरगिरीला बंदी आहे' असं ठोकून लिहिलेल्या नोट्स बाजारात भरपूर आहेत.

मग बंदी येते कुठून? दोन ठिकाणांहून, आडवाटेने. कलम ३ मध्ये दूतावासाची कामं सांगितली आहेत. त्यातलं एक काम असं, की यजमान देशातली परिस्थिती आणि घडामोडी 'कायदेशीर मार्गांनी' जाणून घ्यायच्या आणि आपल्या सरकारला कळवायच्या. म्हणजे माहिती गोळा करणं हे त्यांचं अधिकृत काम आहे, फक्त मार्ग कायदेशीर हवा. दुसरं कलम ४१. राजनैतिक संरक्षण, म्हणजे अटक-खटल्यापासूनची सूट, उपभोगणाऱ्या प्रत्येकाने यजमान देशाचे कायदे पाळावेत, अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करू नये, दूतावासाची जागा भलत्या कामासाठी वापरू नये.

'कायदेशीर मार्ग' हे दोन शब्द किती ताणले जातात ते आपल्या गावावरून समजून घेऊ. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांमुळे सोलापूरचं नाव चीनमध्ये माहीत आहे आणि त्यांच्या इथल्या स्मारकाला चिनी अधिकारी भेट देऊन जातात. समजा, असा एखादा अधिकारी स्मारकात फुलं वाहून चाटी गल्लीत गेला, टॉवेलचा भाव विचारला, सुताचे दर का वाढले यावर दुकानदाराशी तासभर बोलला आणि रात्री ते सगळं लिहून बीजिंगला पाठवलं. यात काहीही गैर नाही, तो पगार त्याचाच घेतो. तोच अधिकारी रेल्वेतल्या एखाद्या कारकुनाला पाकीट देऊन लष्करी गाड्यांच्या वेळा मागू लागला, तर मार्ग कायदेशीर राहिला नाही. अडचण या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात आहे. निवृत्त अधिकाऱ्याला वारंवार जेवायला नेणं, संशोधक तरुणाला 'लेख लिहून दे, मानधन देतो' म्हणणं, व्हिसासाठी आलेल्या माणसाकडून त्याच्या गावाजवळच्या छावणीची चौकशी करणं. यातलं नेमकं कुठलं पाऊल रेषेपलीकडे पडलं, हे न्यायालयात सिद्ध करणं महाकठीण असतं.

हेच आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २४ मे १९८० च्या तेहरान ओलीस प्रकरणाच्या निकालात मान्य केलं. १९७९ मध्ये तेहरानमधल्या अमेरिकी दूतावासातली माणसं ओलीस धरली गेली होती. तो दूतावास हेरगिरीचा अड्डा होता, असा इराणचा बचाव होता. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की राजनैतिक काम कुठे संपतं आणि हेरगिरी किंवा ढवळाढवळ कुठे सुरू होते हे दरवेळी सिद्ध करणं अवघड आहे याची करारालाच जाणीव आहे. म्हणून तर त्याने यजमान देशाला कारण न देता माणूस परत पाठवण्याचा अधिकार दिला. त्यामुळे आरोप खरा धरला तरी माणसं कोंडून ठेवणं समर्थनीय ठरत नाही. औषध करारातच आहे, ते सोडून दुसरं घेता येणार नाही.

ते औषध म्हणजे कलम ९. यजमान देश कधीही, आणि निर्णयाचं कारण न सांगता, पाठवणाऱ्या देशाला कळवू शकतो की तुमचा अमुक अधिकारी आम्हाला 'पर्सोना नॉन ग्राटा' आहे. शब्दशः बघितलं तर 'अप्रिय व्यक्ती'. मराठी वर्तमानपत्रं 'अस्वीकार्य व्यक्ती' लिहितात तेही चालतं. एक बारकावा बहुतेक बातम्यांत सुटतो. हा लॅटिन शब्द फक्त दूतावासाचे प्रमुख आणि राजनैतिक दर्जाचे अधिकारी यांच्यासाठी आहे. बाकी कर्मचाऱ्यांसाठी करारात 'स्वीकारार्ह नाही' असा साधा शब्द आहे. सरकारंही पत्रकात सगळ्यांना एकच शिक्का मारतात, परिणाम सारखाच होतो, म्हणून कोणी भांडत नाही. माणूस देशात पाऊल ठेवण्याआधीही त्याला नाकारता येतं.

आणखी एक बारकावा. कलम ९ प्रमाणे यजमान देश त्या माणसाला 'हाकलत' नाही. तो पाठवणाऱ्या देशाला सांगतो, मग त्या देशाने आपला माणूस परत बोलवायचा किंवा त्याचं काम संपवायचं. वाजवी मुदतीत त्यांनी तसं केलं नाही तर यजमान देश त्याला दूतावासाचा सदस्य मानायचं नाकारू शकतो, आणि मग तो साधा परदेशी नागरिक उरतो. इथपर्यंत गोष्ट सहसा जात नाही. कुठलंही सरकार आपला माणूस संरक्षणाशिवाय परक्या देशात ठेवायला धजावत नाही.

आता पकडण्याच्या क्षणाकडे येऊ, कारण खरी गडबड तिथे होते. कलम २९ म्हणतं की राजनैतिक अधिकाऱ्याची व्यक्ती अनुल्लंघनीय आहे. त्याला कुठल्याही प्रकारे अटक किंवा स्थानबद्ध करता येत नाही. कलम ३१ त्याला फौजदारी न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवतं. कलम ३७ हे संरक्षण कुटुंबीयांना आणि प्रशासकीय-तांत्रिक कर्मचाऱ्यांनाही देतं. टंकलेखक, संगणक सांभाळणारा, व्हिसा विभागातला सहायक, सगळे फौजदारी कारवाईपासून सुरक्षित. ड्रायव्हर, आचारी अशा सेवा कर्मचाऱ्यांना मात्र फक्त कामाच्या ओघात केलेल्या कृत्यांपुरतं संरक्षण असतं. स्थानिक नोकर यजमान देशाचाच नागरिक असेल तर ते यजमान देश देईल तेवढंच. त्यामुळे गुप्तचर अधिकारी बऱ्याचदा फार वरच्या हुद्द्यावर बसवलेला नसतो. व्हिसाची खिडकी ही सोयीची जागा असते. लोक स्वतःहून कागद घेऊन येतात, गरजू असतात, पुन्हा पुन्हा येतात.

ऑक्टोबर २०१६ चं दिल्लीतलं प्रकरण याचा नमुना आहे. पाकिस्तानी उच्चायोगाच्या व्हिसा विभागातल्या एका कर्मचाऱ्याला पोलिसांनी प्राणिसंग्रहालयाच्या आवारात, सीमा सुरक्षा दलाविषयीचे कागद घेताना पकडलं. पोलिसांच्या म्हणण्यानुसार आधी त्याने आपण भारतीयच आहोत असं सांगून खोटं आधार कार्ड दाखवलं. ओळख पटली, संरक्षण असल्याचं स्पष्ट झालं आणि त्याला सोडावं लागलं. ४८ तासांत देश सोडण्याचा आदेश निघाला. कागद पुरवणारे राजस्थानातले साथीदार मात्र गजाआड गेले. कारण त्यांना १९२३ चा शासकीय गुपिते कायदा लागतो, ज्यात संरक्षणविषयक हेरगिरीला १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. टपरीवरच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे आहे. आत कोणीतरी जातंच, फक्त तो आपलाच माणूस असतो.

"पण काही तास तरी धरून ठेवलंच की!" बरोबर. तेहरान निकालातच न्यायालयाने म्हटलं आहे की गुन्हा करताना सापडलेल्या राजनैतिक अधिकाऱ्याला तो गुन्हा रोखण्यापुरतं थोडा वेळ ताब्यात घ्यायला हरकत नाही. हेरगिरीत पोलिसांच्या बाजूने आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे समोरचा माणूस साध्या कपड्यांत आणि खोट्या ओळखीने आलेला असतो. तो कोण आहे हे कळेपर्यंत पोलीस त्याला सामान्य संशयितासारखं वागवू शकतात. कळलं की घड्याळ फिरतं. त्यानंतरचा प्रत्येक तास पुढच्या निषेधपत्रात मोजला जातो. इथे ठरलेल्या चुका अशा: ओळखपत्र दाखवल्यावरही झडती चालू ठेवणं, चौकशीचं चित्रण करून वाहिन्यांना देणं, दूतावासाला कळवायला उशीर करणं, हातघाईवर येणं. चौकशीत मिळालेल्या कबुलीला कायद्यात किंमत नाही, आणि तिकडच्या राजधानीत आपल्या माणसाला त्याच मापाने मोजलं जातं.

त्याच्यावर खटला भरण्याचा एकच मार्ग आहे. पाठवणाऱ्या देशाने कलम ३२ प्रमाणे स्वतःहून संरक्षण काढून घ्यायचं. अपघातासारख्या गुन्ह्यात हे क्वचित घडतं. १९९७ मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका जीवघेण्या मोटार अपघातानंतर जॉर्जियाने आपल्या अधिकाऱ्याचं संरक्षण काढलं आणि त्याला तिथे शिक्षा झाली. हेरगिरीत मात्र ज्याने परवानगी द्यायची त्यानेच त्याला ते काम सांगितलेलं असतं. तेव्हा ती वाट बंद समजावी.

कागद आणि घड्याळ

निर्णय झाल्यावर पुढचं काम शांत आणि कोरडं असतं. राजदूत किंवा उच्चायुक्त, आणि तो नसेल तर प्रभारी, यांना परराष्ट्र मंत्रालयात बोलावून घेतात. त्यांच्या हातात एक टिपण देतात, ज्याला नोट व्हर्बाल म्हणतात. ते तृतीय पुरुषात लिहिलेलं असतं, त्यावर पूर्ण सही नसते, आद्याक्षरं आणि शिक्का असतो. सुरुवात 'मंत्रालय दूतावासाला आदरपूर्वक अभिवादन करते' अशाच वाक्याने होते. तुमचा माणूस हेर आहे, उचला त्याला, हे सांगतानासुद्धा आधी रामराम. मजकुरात माणसाचं नाव, हुद्दा, तो अस्वीकार्य असल्याचं विधान आणि मुदत एवढंच असतं. 'हेरगिरी' हा शब्द जाहीर पत्रकात बहुधा टाळतात. त्याजागी 'त्याच्या अधिकृत दर्जाशी सुसंगत नसलेल्या कारवाया' हे ठरलेलं वाक्य येतं. हे वाक्य दिसलं की काय समजायचं ते दोन्ही बाजूंना कळतं.

तपशील न देण्यामागे सभ्यतेपेक्षा व्यवहार जास्त आहे. एकदा पुरावा मांडला की समोरच्याला कळतं आपण कुठून ऐकत होतो, कोण फुटलं, कुठला फोन उघडा होता. दुसरं म्हणजे कारण दिलं की कारणावर वाद घालता येतो. कलम ९ ने वादाची जागाच ठेवलेली नाही. मग आपण होऊन ती का निर्माण करायची?

मुदत किती द्यायची हे करारात लिहिलेलं नाही, 'वाजवी काळ' एवढंच आहे. व्यवहारात २४ तासांपासून साधारण आठवड्यापर्यंत पल्ला दिसतो. भारताने मे २०२० च्या शेवटी पकडलेल्या दोन पाकिस्तानी कर्मचाऱ्यांना २४ तास दिले, मे २०२५ मधल्या दोन प्रकरणांतही २४ तासच. अमेरिकेने डिसेंबर २०१६ मध्ये ३५ रशियन अधिकाऱ्यांना ७२ तास दिले. सॉल्झबरीत माजी रशियन हेर स्क्रिपाल आणि त्यांच्या मुलीवर विषप्रयोग झाल्यावर ब्रिटनने मार्च २०१८ मध्ये २३ रशियनांना एक आठवडा दिला. आकडा जितका लहान तितका राग मोठा, असं वाचायला हरकत नाही. पण खालची मर्यादा आहे. कलम ४४ सांगतं की युद्ध चालू असलं तरी यजमान देशाने या लोकांना आणि त्यांच्या कुटुंबाला लवकरात लवकर निघता यावं यासाठी सोय केली पाहिजे, गरज पडल्यास वाहनसुद्धा दिलं पाहिजे. विमान नाही, सीमा बंद, आणि वर '१२ तासांत निघा', असं केलं तर आपणच कराराच्या वाकड्या बाजूला जातो.

त्या मुदतीत संरक्षण तसंच चालू राहतं, कलम ३९. निरोप मिळाला म्हणजे उचला, असं नाही. ओळखपत्र परत करायचं, गाडीची निळी पाटी उतरायची, मुलांचे शाळेचे दाखले काढायचे, घरमालकाचा हिशेब मिटवायचा. वैयक्तिक सामान तपासता येत नाही. आत मनाई असलेली वस्तू आहे असं मानायला गंभीर कारण असेल तरच, तेही त्याच्या किंवा त्याच्या प्रतिनिधीच्या समोर. राजनैतिक थैली, म्हणजे दूतावासाचं सीलबंद टपाल, तर उघडताही येत नाही आणि अडवताही येत नाही. कार्यालयच बंद करायला लावलं तर आणखी घाई. जुलै २०२० मध्ये अमेरिकेने ह्यूस्टनमधली चिनी वाणिज्य वकिलात ७२ तासांत बंद करायला सांगितली, तेव्हा अंगणात पिंपांमध्ये कागद जळताना शेजाऱ्यांनी पाहिले. अग्निशमन दल आलं पण आत जाऊ शकलं नाही. बदल्यात चीनने चेंगडूतली अमेरिकी वकिलात बंद केली.

राजनैतिक आणि वाणिज्य वकिलात यात मोठा फरक आहे आणि तो विसरला की सगळं गणित चुकतं. वाणिज्यदूतांसाठी १९६३ चा वेगळा व्हिएन्ना करार आहे. त्यांना संरक्षण फक्त अधिकृत कामापुरतं मिळतं. गंभीर गुन्हा असेल आणि सक्षम न्यायालयीन अधिकाऱ्याचा आदेश असेल तर त्यांना खटल्याआधीही अटक करता येते. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या भारताच्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना व्हिसा अर्जातल्या माहितीवरून अटक झाली, ती याच फटीतून. मग भारताने त्यांची बदली संयुक्त राष्ट्रांतल्या आपल्या कायम प्रतिनिधी कार्यालयात केली, तिथे पूर्ण संरक्षण मिळालं आणि जानेवारी २०१४ मध्ये त्या परतल्या. दिल्लीने बरोबरीच्या दर्जाच्या एका अमेरिकी अधिकाऱ्याला जायला सांगितलं. हेरगिरीचं प्रकरण नव्हतं, पण खुर्ची बदलली की कायदा कसा बदलतो ते यापेक्षा स्वच्छ दिसत नाही.

हेरगिरीतलं जुनं उदाहरण १९७८ चं आहे. न्यू जर्सीत तीन सोव्हिएत माणसं एकाच सापळ्यात सापडली. दोघे संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात नोकरीला होते, म्हणजे संरक्षण कामापुरतंच. त्यांना ५०-५० वर्षांची शिक्षा झाली आणि १९७९ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत ते सुटले. तिसऱ्याला राजनैतिक संरक्षण होतं, तो विमानात बसून घरी गेला.

आणि ज्याच्याकडे कुठलंच कार्ड नाही त्याच्यासाठी कलम ९ नाहीच. कुलभूषण जाधवांच्या बाबतीत 'पाकिस्तानने त्यांना परत का नाही पाठवलं' असं विचारणारे ही गल्लत करतात. ते राजनैतिक अधिकारी नव्हते. तिथे प्रश्न १९६३ च्या कराराच्या कलम ३६ चा होता, म्हणजे आपल्या वकिलातीला त्यांना भेटू देण्याचा. १७ जुलै २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १५ विरुद्ध १ मतांनी सांगितलं की हेरगिरीचा आरोप असला तरी हा हक्क जात नाही.

जशास तसे, आणि त्याचा हिशेब

हाकलण्याच्या बाजूने बोलणं सोपं असतं. गुप्तचर यंत्रणांना मात्र ते नेहमी आवडत नाही. ओळखलेला हेर ही चांगली मालमत्ता असते. तो कुठल्या बागेत कोणाला भेटतो, कुठल्या खांबावर खडूची खूण करतो, हे माहीत झालेलं असतं. त्याला घालवलं की सहा महिन्यांनी नवा चेहरा येतो आणि पाळत शून्यापासून. म्हणून अनेक प्रकरणं बाहेर येतच नाहीत. राजदूताच्या कानात सांगितलं जातं, 'याची बदली करा', किंवा व्हिसाचं नूतनीकरण रखडतं. जाहीर हकालपट्टी हा बहुतेक वेळा राजकीय निर्णय असतो, फक्त सुरक्षेचा नाही.

रिकामी झालेली खुर्ची भरू दिली तर हकालपट्टी म्हणजे नुसती बदली ठरते. हे ब्रिटनने १९७१ मध्ये बरोबर ओळखलं. लंडनमधला केजीबी या सोव्हिएत गुप्तचर संस्थेचा ओलेग ल्यालिन फुटला आणि सप्टेंबरमध्ये ब्रिटनने एका झटक्यात १०५ सोव्हिएत अधिकारी काढले. ९० देशात होते त्यांना जायला सांगितलं, १५ रजेवर वगैरे बाहेर होते त्यांना परत येऊ दिलं नाही. शिवाय गेलेल्यांच्या जागा एकूण मंजूर संख्येतून वजा केल्या. खरी इजा त्या वजाबाकीने झाली.

पुढचं पाऊल प्रतिसादाचं. माणसाला माणूस, हुद्द्याला हुद्दा, तासाला तास. २०१६ मध्ये दिल्लीतून एक गेला, त्याच दिवशी इस्लामाबादने एका भारतीय कर्मचाऱ्याला ४८ तास दिले. मग आठ भारतीय अधिकाऱ्यांची नावं उघड करून त्यांच्यावर हेरगिरीचा शिक्का मारला, आणि स्वतःची सहा माणसं दिल्लीतून परत नेली. अर्थात बरोबरी नेहमी आकड्यात मोजायची नसते. १९८६ मध्ये अमेरिकेने सोव्हिएत अधिकाऱ्यांची मोठी तुकडी काढली, तेव्हा मॉस्कोने अमेरिकी दूतावासात काम करणारे २६० सोव्हिएत नोकर काढून घेतले. ड्रायव्हर नाही, आचारी नाही, झाडूवाला नाही. अधिकारी स्वतः गाड्या धुवायला लागले. डिसेंबर २०१६ च्या ३५ जणांवर पुतिन यांनी तेव्हा काहीच केलं नाही. सात महिन्यांनी मात्र अमेरिकेला रशियातली कर्मचारीसंख्या ७५५ ने घटवून ४५५ वर आणायला लावली. उधारी ठेवली, व्याजासकट वसूल केली.

स्क्रिपाल प्रकरणात वीसहून अधिक देशांनी मिळून दीडशेच्या आसपास रशियन अधिकारी काढले. न्यूझीलंडने सांगितलं की आम्हीही काढले असते, पण शोधून पाहिलं, आमच्याकडे काढण्याजोगा रशियन हेरच नाही. जगभर हसू झालं. खरं तर कायद्याच्या दृष्टीने त्यांना हेर सापडण्याची गरजच नव्हती, कारण कलम ९ कारण मागत नाही. त्यांनी प्रामाणिकपणे स्वतःवर जास्तीची अट घालून घेतली.

संख्या कमी करायला लावण्याचा अधिकार कलम ११ मधून येतो. दूतावासाचा आकार किती असावा याचा करार नसेल तर यजमान देश तो 'वाजवी आणि सामान्य' मर्यादेत ठेवायला सांगू शकतो. मात्र इथल्या परिस्थितीबरोबरच त्या दूतावासाच्या गरजाही लक्षात घ्यायच्या असतात. भारताने जून २०२० मध्ये पाकिस्तानी उच्चायोगाची संख्या सात दिवसांत निम्मी करायला लावली, एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम हल्ल्यानंतर ५५ वरून ३० वर आणली आणि तिन्ही दलांच्या सल्लागारांना आठवड्याची मुदत देऊन अस्वीकार्य ठरवलं.

कॅनडाशी झालेला वाद याच कलमावर उभा होता. सप्टेंबर २०२३ मध्ये दोन्ही देशांनी एकेक अधिकारी काढला. मग भारताने संख्या समान करा म्हटलं आणि ऑक्टोबरमध्ये कॅनडाचे ४१ अधिकारी कुटुंबांसह गेले, २१ उरले. कॅनडाचं म्हणणं होतं की ठरलेल्या तारखेनंतर संरक्षण राहणार नाही असं सांगणं हा कराराचा भंग आहे. भारताने कलम ११ दाखवलं. माझं मत विचाराल तर संख्येच्या मुद्द्यावर भारताची बाजू भक्कम होती, संरक्षणाच्या तारखेवर तेवढी नाही. कलम ११ आकडा ठरवायला देतं, माणसाचं कवच काढायला नाही. ते कवच मुदत संपल्यावर कलम ९ आणि ३९ च्या वाटेनेच उतरतं. आणि या भांडणाची झळ कुठे लागली, तर व्हिसाच्या रांगेत. भारतात बसून अर्ज पाहणारे कॅनडाच्या स्थलांतर विभागाचे कर्मचारी २७ वरून ५ वर आले. सोलापुरातून टोरांटोला शिकायला निघालेल्या पोराला कलम ११ कशाशी खातात हे माहीत नसतं, फाइल का हलत नाही एवढंच दिसतं.

संरक्षण एकतर्फी काढून घेतलं की काय होतं याचं आपल्याच इतिहासातलं उदाहरण १९६७ चं आहे, आणि ते फारसं कोणी सांगत नाही. चीनमध्ये सांस्कृतिक क्रांती ऐन भरात होती. जूनमध्ये भारतीय दूतावासातले द्वितीय सचिव कृष्णन रघुनाथ आणि तृतीय सचिव पी. विजय हे पेकिंगबाहेर (आताचं बीजिंग) एक देऊळ पाहायला निघाले. वाटेत फोटो काढायला थांबले आणि सैनिकांनी घेरलं. आरोप होता, निषिद्ध लष्करी भागाचं छायाचित्रण. चीनने विजय यांना अस्वीकार्य ठरवलं, रघुनाथांच्या बाबतीतही तेवढंच केलं असतं, तर नियमात बसलं असतं. पण रघुनाथांचा राजनैतिक दर्जाच काढून घेतल्याचं जाहीर झालं, देश सोडायला बंदी घातली आणि हजारो लोकांसमोर दोघांवर खटला चालवला. हद्दपारीचा हुकूम झाला आणि विमानतळावर रेड गार्ड्‌स म्हणवणाऱ्या माओच्या तरुण समर्थकांनी दोघांना मारहाण केली. चीन तेव्हा व्हिएन्ना कराराचा सदस्य नव्हता, तो १९७५ मध्ये झाला. पण दूताच्या अंगाला हात लावायचा नाही हा नियम कराराच्या फार आधीपासूनचा आहे, त्यामुळे तो बचाव टिकत नाही.

भारताने उत्तर दिलं, आणि इथेच आपलंही चुकलं. चिनी दूतावासातल्या तृतीय सचिवाला अस्वीकार्य ठरवलं ते ठीक. प्रथम सचिवाचा मात्र राजनैतिक दर्जा काढून घेऊन त्याला परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करायला सांगितलं. जे त्यांनी केलं म्हणून आपण रागावलो, त्याचीच नक्कल. मग दिल्लीत जमाव चिनी दूतावासात घुसला, माणसं जखमी झाली, तिकडे आपल्या दूतावासाला वेढा पडला. शेवटी दोन्हीकडचे लोक घरी गेले, जे पहिल्या दिवशी एका टिपणाने झालं असतं. पेकिंगने हेर ठरवून हद्दपार केलेले रघुनाथ पुढे १९९७ मध्ये भारताचे परराष्ट्र सचिव झाले.